घरची बेकरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे कोल्हापूर शहर आणि परिसरातील गृहिणींची आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात थीम केक (एखाद्या विषयानुसार सजवलेला केक) किंवा फ्रेंच पेस्ट्री यांपैकी एका गोष्टीविषयी विचारणा आहे. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ताई, मी घरून थीम केक करून देते. केक पाहून सगळे वाखाणतात, पण कापल्यावर फाँडंटचा (वरून चढवलेल्या साखरेच्या आवरणाचा) थर बशीच्या कडेला काढून ठेवला जातो. मला स्वतःला खरी ओढ फ्रेंच पेस्ट्रीची आहे. पुढच्या महिन्यात माझ्या सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे आणि तरुणपणी ते कुस्ती खेळत असत. या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालावा?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : हा मेळ फ्रेंच पेस्ट्रीच्या इतिहासातच सापडतो. पॅरिसमधील विख्यात पाककलाकार मारी-आंतुआन कारेम, ज्यांचे १८३३ मध्ये निधन झाले, ते वास्तुकलेची चित्रे अभ्यासून साखर आणि बदामाच्या लगद्यापासून मंदिरे, मनोरे आणि भग्न वास्तू उभारत असत. मेजवानीच्या मध्यभागी ठेवलेल्या त्या रचना मुख्यतः पाहण्यासाठीच असत, आणि तुमच्या बशीत उरणारे फाँडंट त्याच परंपरेतले आहे. याउलट १९१० मध्ये लुई द्युराँ या पेस्ट्रीकाराने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशा सायकल शर्यतीच्या सन्मानार्थ चाकाच्या आकाराची पेस्ट्री केली. ‘पारी-ब्रेस्त’ नावाने ती आजही आवडीने खाल्ली जाते. तिच्यावर सायकलचे चित्र नाही आणि सायकलस्वाराची बाहुलीही नाही. केवळ आकारातून विषय कळतो आणि प्रत्येक घास खाण्याजोगा असतो. थीम केक करणाऱ्या प्रत्येकीने या दुसऱ्या वाटेने जावे, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या सासऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग कुस्ती मैदान हा विषय घ्या. मधला हौदा आणि त्याच्याभोवती चढत गेलेली बैठक ही रचना गोल केकला जणू जन्मतःच मिळालेली आहे. दहा इंचांचे चॉकलेट केकचे दोन थर घ्या, वरच्या थरातून मधला चार इंचांचा गोल कापून काढा, कडेपासून आतल्या बाजूला सुरीने उतार द्या आणि सगळ्यावर गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण, फिरवा. हौद्यातील लाल मातीसाठी रेड व्हेल्व्हेट केकचा चुरा मंद आचेवर ओव्हनमध्ये कोरडा करून पसरावा. तो कुरकुरीत लागतो आणि कोणी तो काढून ठेवत नाही. गदा तेवढी गमपेस्टची (वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या लगद्याची) करावी, तीही चार-पाच दिवस आधी, म्हणजे ती नीट वाळते. पैलवानांचे चेहरे घडवण्याच्या फंदात पडू नये, कारण ओळखीच्या माणसाचा चेहरा साखरेत क्वचितच साधतो आणि न साधलेला चेहरा साऱ्या केकची शोभा घालवतो.

चवीतही कुस्ती आणता येईल, आणि माझ्या मते या केकचे खरे मर्म तेच आहे. तालमीत घोटली जाणारी थंडाई तुमच्या सासऱ्यांच्या जिभेवर नक्की असणार. अर्धा लिटर दुधात भरडलेले बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा आणि चार मिरे घालून दूध गरम करा, अर्धा तास झाकून ठेवा व गाळून घ्या. गाळताना कमी झालेले दूध पुन्हा अर्धा लिटर भरून घ्या आणि त्यात पाच अंड्यांचे पिवळे बलक, १०० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर घेऊन फ्रेंच पद्धतीचे पेस्ट्री क्रीम शिजवा. क्रीम घट्ट झाले की लगेच गॅस बंद करण्याची घाई करू नये. बुडबुडे आल्यानंतर ते आणखी एक मिनिट ढवळत उकळावे लागते, कारण बलकातील एक विकर (एन्झाइम) स्टार्चचे विघटन करते आणि ते उष्णतेने निष्क्रिय झाले नाही, तर रात्रीतून क्रीम पातळ होते. क्रीम पूर्ण थंड झाल्यावर दोन थरांमध्ये भरावे. असा केक फ्रीजमध्येच ठेवावा आणि बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत संपवावा. त्याच्यावर फाँडंटचे आवरण घालू नये.

प्रश्न : ताई, मुलाचा वाढदिवस जुलैमध्ये असतो आणि त्याला फुटबॉलचाच केक हवा आहे. गेल्या पावसाळ्यात पाहिलेल्या एका केकवर फाँडंटला पाणी सुटले होते आणि काळा रंग पांढऱ्यावर उतरला होता. हे कसे टाळावे?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : फाँडंट म्हणजे बहुतांशी साखर, आणि साखर हवेतील ओलावा ओढून घेते. कोल्हापूरच्या जुलैमध्ये हवेत ओलाव्याला तोटा नसतो. त्यात फ्रीजमधून काढलेल्या थंड केकवर दव साचते आणि आवरण चिकट होते. म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे फाँडंटखाली व्हिप क्रीम कधीही लावू नये. क्रीममधील पाणी आतून फाँडंट विरघळवते आणि गोलाकार केकवर ते खाली घसरते. त्याऐवजी वजनाने दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग क्रीम असे गनाश लावावे. व्हाइट चॉकलेट असेल तर तीन भाग घ्यावे लागते. रात्रभरात गनाश कडक होते आणि आवरणाला आधार देते. दुसरी गोष्ट अशी की फाँडंट चढवलेला केक शक्यतो फ्रीजमध्ये ठेवू नये. आतील भरण गनाशचेच असेल, तर तो पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात, कोरड्या खोलीत एक रात्र चांगला राहतो. फ्रीजमध्ये ठेवणे भागच पडले, तर बाहेर काढल्यावर केक घरातल्या तापमानाला येईपर्यंत खोके उघडू नये, म्हणजे दव केकवर न धरता खोक्यावर धरते. तरीही ओल आलीच, तर हात न लावता पंख्याखाली ठेवावा.

काळ्या रंगासाठी पांढऱ्या फाँडंटमध्ये भरमसाट रंग ओतण्यापेक्षा आधी कोको पावडर मळून ते गडद तपकिरी करावे आणि मग थोडाच काळा जेल रंग घालावा. रंग कमी लागतो, तो उतरत नाही आणि कडवटपणाही येत नाही. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलवर १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन असतात. केक अर्धगोल असल्यामुळे तुम्हाला त्याच्या साधारण निम्मेच लागतील. ते आदल्या दिवशी कापून थोडे वाळू द्यावेत आणि चिकटवताना ब्रशने पाण्याचा नुसता स्पर्श करावा.

प्रश्न : केकवर खरी फुले आणि सोनेरी चमकी लावावी का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : कण्हेरीचे फूल कधीही लावू नये, ते विषारी आहे; चाफ्याचा चीकही पोटात जाण्याजोगा नसतो. फवारणी न केलेले देशी गुलाब चालतील, मात्र देठ केकमध्ये थेट खोचू नयेत. चमकीच्या डबीवर केवळ ‘नॉन-टॉक्सिक’ असे लिहिले असेल, तर ती खाण्यासाठी नाही असे समजावे. ‘एडिबल’ हा शब्द, घटकांची यादी आणि एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा क्रमांक या तिन्ही गोष्टी पाहूनच ती विकत घ्यावी.

प्रश्न : ताई, मे महिन्यात क्रोसाँ (चंद्रकोरी आकाराची पदरदार पेस्ट्री) करायला घेतले, की बटर ट्रेमध्ये वाहून येते आणि आत पावासारखा गर होतो. आमच्या गल्लीतल्या बेकरीत भर उन्हाळ्यातही खारी मात्र सुरेख फुलते. असे का होत असावे?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : खारी आणि क्रोसाँ यांतील पदर पाडण्याचे तंत्र मुळात एकच आहे. पिठाच्या लाटीत स्निग्ध पदार्थाची पोळी गुंडाळायची, लाटायची, तिची तीन पदरी घडी घालायची, आणि हे तीनदा केले की स्निग्धाचे २७ थर तयार होतात. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि ती पदरांना उचलते. फरक आहे तो त्या स्निग्ध पदार्थात. बेकरीत खारीसाठी बहुधा वनस्पती तूप किंवा मार्गरिन वापरतात. ते बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळते, म्हणून उन्हाळ्यात टिकते. बटर विशीच्या पुढे मऊ पडू लागते आणि तिशी ओलांडली की वितळायला लागते. शिवाय क्रोसाँच्या पिठात यीस्ट असते आणि ते फुगण्यासाठी दोन-अडीच तास उबेत ठेवावे लागते. ती ऊब २७ अंशांपेक्षा जास्त असेल, तर क्रोसाँ भट्टीत जाण्याआधीच बटर पिठात मुरून जाते आणि पदर नाहीसे होतात. तुमच्या तक्रारीचे कारण हेच आहे.

त्यामुळे क्रोसाँ हा थंडीतला पदार्थ मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी स्वयंपाकघर पुरेसे गार असते. उन्हाळ्यात करायचेच असतील, तर पहाटे उठून लाटावे, प्रत्येक घडीनंतर कणीक निदान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी आणि बटर वाकवले असता न तुटता वळेल इतपतच मऊ असू द्यावे. घरी काढलेले लोणी येथे उपयोगी पडत नाही, कारण त्यात ताकाचा अंश आणि पाणी जास्त असते. बाजारातील खारट बटर चालेल, पण कणकेतील मीठ तेवढ्या मानाने कमी करावे.

ही पेस्ट्री फ्रान्सची मानली जात असली, तरी तिचा चंद्रकोरी आकार व्हिएन्नाच्या किप्फेर्ल या पावाचा आहे. १८३० च्या दशकाच्या अखेरीस आउगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिथून तो फ्रेंच लोकांच्या न्याहारीत शिरला. आजचे पदरदार रूप त्यानंतरचे आहे. इतक्या कष्टाने केलेले क्रोसाँ भट्टीतून काढल्यावर लगेच फोडू नयेत. अर्धा तास जाळीवर निवू द्यावेत, म्हणजे आतील पदर स्थिरावतात आणि बटरचा वास खुलतो. त्याच दिवशी खावेत. उरलेच तर दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर पाच-सहा मिनिटे गरम करावेत, मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नयेत.

प्रश्न : एक्लेअर (आत क्रीम भरायची लांबट, पोकळ पेस्ट्री) ओव्हनमध्ये छान फुगतात आणि बाहेर काढताच बसतात. शिवाय सासरी अंडे चालत नाही, तर बिनअंड्याचे एक्लेअर करता येतील का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : एक्लेअर बसतात ते आत ओल राहिल्यामुळे. पाणी आणि दूध प्रत्येकी १२५ मिलिलिटर, बटर ११० ग्रॅम, मैदा १४० ग्रॅम आणि फेटलेली अंडी सुमारे २४० ग्रॅम हे प्रमाण भरवशाचे आहे. मैदा घातल्यावर पातेल्याच्या तळाशी पातळ साय धरेपर्यंत गोळा परतावा, कोमट झाल्यावर अंडे थोडे थोडे घालावे, आणि चमच्यावरून मिश्रण त्रिकोणी पडद्यासारखे लोंबू लागले की थांबावे, मग अंडे उरले तरी हरकत नाही. २०० अंशांवर पंधरा मिनिटे आणि नंतर १७५ अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. पहिली वीस मिनिटे ओव्हनचे दार उघडू नये. भाजून झाल्यावर प्रत्येक एक्लेअरला टूथपिकने टोचून वाफेला वाट करून द्यावी आणि दार किंचित उघडे ठेवून पुन्हा पाच मिनिटे आत ठेवावे.

बिनअंड्याच्या एक्लेअरची मी शिफारस करणार नाही, कारण त्याची पोकळी अंड्यातील प्रथिनांवरच उभी राहते. सासरच्या मंडळींसाठी मिल-फॉय करावी. खारीसारख्या पदरदार पिठाच्या तीन पातळ पट्ट्या, त्यांवर वजन ठेवून, खरपूस भाजाव्यात आणि मध्ये कस्टर्ड पावडरचे घट्ट क्रीम भरावे. ही पावडर आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये तयार केली ती पत्नीला अंडे सोसत नव्हते म्हणूनच, त्यामुळे तिच्यात अंडे नसते. क्रीममध्ये आजरा-चंदगडच्या काजूचे प्रालिन, म्हणजे साखरेच्या कॅरॅमलमध्ये घोळवून बारीक वाटलेले काजू, घातले तर कोणालाही अंड्याची उणीव भासणार नाही. पट्ट्या आदल्या दिवशी भाजून हवाबंद डब्यात ठेवाव्यात, क्रीम वेगळे गार करावे आणि पाने मांडल्यावरच दोन्ही जुळवावे, कारण अर्ध्या-पाऊण तासात पदर मऊ पडू लागतात.