आधी छत्तीस घरं मांड

प्रिय मुली,

परवा ऑफिस सुटल्यावर ऐरोलीहून थेट माझ्याकडे नौपाड्याला आलीस आणि वही उघडून विचारलंस, "सर, पुढच्या फेकीत सात येणार हे ओळखायला किती सराव लागतो?" वहीत यूट्यूबवर पाहिलेल्या क्रॅप्सच्या, म्हणजे दोन फाशांवर पैजा लावायच्या खेळाच्या, डावांची दानं ओळीने उतरवलेली होती. बराच वेळ सात आलं नव्हतं त्या जागांभोवती लाल वर्तुळं. ती वर्तुळं अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून हे पत्र.

गोव्याला जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. मांडवीवरच्या कॅसिनोच्या जहाजात जाऊन फाशांचं टेबल बघावंसं वाटणं यात गैर काही नाही, आणि क्रॅप्स हा मन लावून शिकण्यासारखा खेळ आहे. पण तू भलतंच शिकायला बसली आहेस.

आधी छत्तीस घरं मांड. उभे सहा, आडवे सहा, प्रत्येक घरात दोन फाशांची बेरीज. हाताने, पेनाने. सात तुला एका तिरक्या रेषेत सहा घरांत दिसेल. सहा आणि आठ पाच-पाच घरांत, पाच आणि नऊ चार-चार, चार आणि दहा तीन-तीन, तीन आणि अकरा दोन-दोन, दोन आणि बारा एकेका घरात. झालं. सात कितीही वेळ रुसून बसलं तरी पुढच्या फेकीला त्याची घरं सहाच असतात, सातवं घर कुठून येणार? फाशाला मागचं दान ठाऊक नसतं गं! बारावीत तू हे माझ्यासमोर फळ्यावर सोडवून दाखवलं होतंस.

फासे ठरावीक तऱ्हेने धरून टाकले की हवं ते दान पडतं, हे तुला कोणी सांगितलं? टेबलाच्या पलीकडच्या भिंतीला आतून टोकाटोकाचं रबर लावलेलं असतं आणि फासे तिथवर जाऊन आपटले पाहिजेत असा दंडकच असतो. कशासाठी, ते तुझं तू समज.

आता खेळ त्या घरांवर बसव. पास लाइन या मुख्य पैजेवर पैसे लावलेस तर पहिल्या फेकीला सात किंवा अकरा आलं की जिंकलीस, म्हणजे आठ घरं तुझी. दोन, तीन, बारा आलं की हरलीस, चार घरं कॅसिनोची. बाकी काही आलं तर तो आकडा पॉइंट, आणि आता तो सातच्या आधी पुन्हा यायला हवा. इथे सगळं उलटतं. मघाशी जिंकून देणारं सात आता तुझ्या मुळावर येतं. चार हा पॉइंट असेल तर तुझी तीन घरं आणि सातची सहा. सगळं जोडून पाहिलं तर शंभर रुपयांमागे कॅसिनोकडे सरासरी १.४१ रुपये राहतात. हे त्यातल्या त्यात सोसण्यासारखं.

पण तुझ्या लाल वर्तुळांचं पुढे काय होणार हे मला दिसतंय. "आता सात येणारच" म्हणून तू 'एनी सेव्हन'वर, म्हणजे पुढच्याच फेकीला सात येईल या पैजेवर, पैसे ठेवणार. ती एकाला चार देते. छत्तीस घरांत शंभर-शंभर रुपये ठेवून बघ. सहा घरांत चारशेप्रमाणे २,४०० मिळाले, तीस घरांत ३,००० गेले. ३,६०० रुपयांच्या खेळात ६०० उडाले, म्हणजे शेकड्याला १६.६७. पटापट निकाल लागतो म्हणून ही पैज नवख्यांना आवडते. मांडणी केलेली असती तर तू तिच्याकडे बघितलंही नसतंस.

मी ज्या शाळेत शिकवत होतो तिथे फासे वर्गात नेले म्हणून मला थांबवलं होतं. मुलांना जुगार लावतो, असं पालकांचं म्हणणं. मी तेव्हाही ऐकलं नाही, आजही ऐकणार नाही. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहून पैजेचा अर्धवट राहिलेला डाव कसा वाटायचा ते सोडवलं, आणि तिथून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. फासे बाजूला ठेवून ते शिकवायचं कसं? वर्ग बंद झाला, तेव्हा मी घरी बोलावून शिकवलं. खंत एवढीच, की घरापर्यंत थोडीच मुलं आली. बाकीची आज फोनवर पैसे लावतात आणि तुझ्यासारखी वर्तुळं काढतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला, त्यामुळे सरावासाठी म्हणूनही तसलं ॲप उघडू नकोस. दोन फासे आणि वही, एवढं पुरे.

पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे जोडून लावायची 'ऑड्स'ची पैजही तुला कोणीतरी सुचवेल. ती चोख आहे. चार किंवा दहाला दुप्पट, पाच किंवा नऊला दोनाला तीन, सहा किंवा आठला पाचाला सहा, अगदी घरांच्या प्रमाणात पैसे देते आणि कॅसिनो तिच्यात काही राखत नाही. पण ती लावायची तर टेबलावर जास्त पैसे ठेवावे लागतात आणि ते एका सातात जातात. आठवडाभराच्या खर्चाला हात लागेल इतकं लावायचं नाही. यावर मला वाद नको.

निघण्याआधी एक गणित करून पाठव. पास लाइनच्या उलट 'डोन्ट पास' असते. तिच्यात पहिल्याच फेकीला बारा आलं तर जीतही नाही, हारही नाही, पैसे जागच्या जागी. ते एक घर त्यांनी का बाजूला काढलं? ते घर 'डोन्ट पास' लावणाऱ्याला दिलं असतं तर फायदा कोणाकडे गेला असता? फोनवर उत्तर सांगू नकोस. छत्तीस घरं मांडून, त्याचा फोटो पाठव.

तुझे सर