'रिमेमरी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न एका तरुण प्राध्यापिकेचा आहे. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही कादंबरी त्या यंदा एम.ए.च्या वर्गाला शिकवताहेत. बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली, त्यामुळे पाठ इंग्रजीत वाचला तरी उलगडून सांगणं मराठीतच होतं. सेथा या नायिकेच्या तोंडी 'रिमेमरी' असा एक शब्द येतो, त्याला मराठीत काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलंय. सहकाऱ्यांनी सुचवलेले 'पुनर्स्मृती' आणि 'स्मृतिपुनरागम' हे दोन शब्दही सोबत कळवलेत. जाता जाता शेवटच्या पानावरच्या एका वाक्याबद्दल विचारलंय, त्याकडे मी शेवटी येते.

ही कादंबरी मी बरीच वर्षं शिकवली आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही फळ्यावर 'पुनर्स्मृती' असंच लिहीत होते. आता तो शब्द वापरू नका असं मनापासून सांगेन.

आधी हे बोलतंय कोण ते पाहू. सेथा ही केंटकीतल्या 'स्वीट होम' नावाच्या मळ्यावर गुलाम होती. 1855 साली, दिवस भरत आलेले असताना, ती तिथून पळाली आणि ओहायो नदी ओलांडून, गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला आली. अठ्ठावीस दिवस मोकळी राहिली. मग तिला आणि तिच्या लेकरांना परत न्यायला माणसं आली, आणि पोरं त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून तिने आपल्या रांगत्या मुलीचा गळा स्वतःच्या हाताने चिरला. या कथेमागे मार्गारेट गार्नर या खऱ्या बाईची हकिकत आहे. जानेवारी 1856 मध्ये गोठलेली ओहायो नदी पार करून ती आली होती. 1850 च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला गुलामगिरी नसलेल्या राज्यातूनही पकडून नेण्याचा हक्क मालकाला दिला होता, त्यामुळे नदी ओलांडली तरी सुटका नव्हती. कादंबरी सुरू होते ती 1873 मध्ये. गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षं झालेली आहेत, आणि 124 नंबरच्या घरात सेथा, तिची धाकटी मुलगी डेन्व्हर आणि त्या मेलेल्या बाळाचा कोप एवढंच उरलं आहे.

हा शब्द ज्या प्रसंगात येतो तो अगदी घरगुती आहे. आई गुडघे टेकून बसलेली डेन्व्हरला दिसते. कशासाठी प्रार्थना करत होतीस, असं ती विचारते. सेथा म्हणते, मी आता प्रार्थना करत नाही, नुसती बोलते. काळाबद्दल बोलत होते, माझा त्यावर विश्वासच बसत नाही. काही गोष्टी जातात, काही राहतात. घर जळून गेलं तर घर जातं, पण त्या जागेचं चित्र राहतं, आणि ते फक्त माझ्या डोक्यात राहतं असं नाही, बाहेर राहतं, जगात. मी मेले तरी ते तिथेच असणार. मग ती मुलीला बजावते की एखाद्या दिवशी तू रस्त्याने जात असशील, काहीतरी ऐकशील, काहीतरी दिसेल, तुला वाटेल हे माझ्याच मनाचे खेळ. तसं नसतं. दुसऱ्या कुणाच्या तरी 'रिमेमरी'वर तू जाऊन आदळलेली असतेस. म्हणून तिकडे कधी जायचं नाही. सगळं संपलं असलं तरी ते तिथे तुझी वाट बघत थांबलेलं असणार. डेन्व्हर म्हणते, म्हणजे काहीच कधी मरत नाही. आई म्हणते, नाहीच मरत.

आता 'पुनर्स्मृती' या संभाषणात घालून बघा. पहिली अडचण अर्थाची आहे. 'पुनर्' म्हणजे पुन्हा. जे गेलं होतं ते पुन्हा आलं, असा त्याचा सूर. सेथाचं म्हणणं नेमकं उलटं आहे, ते गेलेलंच नाही. दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. सेथाला फारसं लिहिता-वाचता येत नाही. तिचा शब्द ऐकताना वाटतं की 'रिमेंबर' आणि 'मेमरी' तिच्या बोलण्यात एकमेकांत मिसळून गेलेत. चुलीपुढच्या बाईच्या तोंडचा शब्द आहे तो. 'स्मृतिपुनरागम' हा शब्द ज्या खुर्चीवरून येतो, त्या खुर्चीवर या कादंबरीत दुसरंच कुणीतरी बसलेलं आहे.

इथे थोडं थांबावं लागेल. स्वीट होमचा कारभार ज्याच्या हाती जातो, त्या क्रूर माणसाला पुस्तकात नाव नाही. सगळे त्याला नुसतं 'स्कूलटीचर' म्हणतात. तो आपल्या शिष्यांना वह्या घेऊन बसवतो आणि सांगतो की सेथाचे माणसासारखे गुण डावीकडे लिहा, जनावरासारखे उजवीकडे. सेथा ते चोरून ऐकते. ज्या शाईने ते लिहिलं जातं ती शाई तिनेच करून दिलेली असते, आणि ते तिला आयुष्यभर सलत राहतं. सिक्सो नावाचा एक गुलाम डुकराचं पिल्लू मारून खातो आणि म्हणतो, ही चोरी नाही, मी खाल्लं तर काम जास्त करीन, म्हणजे तुमच्याच मालमत्तेत भर. युक्तिवाद बिनतोड असतो. स्कूलटीचर तरीही त्याला झोडपतो, कारण व्याख्या करण्याचा हक्क व्याख्या करणाऱ्याचा, ज्याची व्याख्या होते त्याचा नव्हे, हे त्याला दाखवून द्यायचं असतं. खडू हातात घेऊन हे पान शिकवताना मला दर वेळी अवघडल्यासारखं झालेलं आहे. अशा पुस्तकात सेथाच्या स्वतःच्या शब्दावर आपण पारिभाषिक कोशातला शिक्का मारला, तर तो शब्द आपण तिच्याकडून काढून घेतो. म्हणून माझा 'पुनर्स्मृती'ला विरोध.

मग काय म्हणायचं? मराठी या बाबतीत आधीच अर्धी वाट चालून गेलेली आहे. आपण 'मला आठवण येते' म्हणतो. कर्ता आठवण, क्रियापद येणं, आणि मी बिचारी 'मला'मध्ये. आठवण कुठून तरी निघते आणि माझ्यापर्यंत पोचते. 'मी आठवून पाहिलं' हे वेगळं, तिथे खटाटोप माझा असतो. पण सहज, न बोलावता जे होतं त्यासाठी मराठीत 'मला आठवलं' आहे, 'माझ्या लक्षात आलं' आहे, 'मला विसर पडला' आहे. आठवण येते, विसर पडतो. दोन्हींत आपण काही करत नाही, ते आपल्यावर येतं किंवा आपल्याला पडतं. इंग्रजीत 'आय रिमेंबर' म्हणणारी व्यक्ती वाक्याच्या डोक्यावर बसलेली असते. सेथाला तिथून उतरायला नवा शब्द लागला. आपल्याकडे 'आठवण' हा साधा शब्द तिला बराच जवळचा आहे. तेव्हा नाम बदलायची घाई नको, आधी त्याच्याबरोबरचं क्रियापद नीट निवडू.

'दुसऱ्याच्या रिमेमरीवर आदळणं' याला मी 'ठेच लागणं' वापरते. 'तुला दुसऱ्याच कुणाच्या तरी आठवणीची ठेच लागलेली असते.' हे 'लागणं' मोठं कामाचं आहे. भूक लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, वेड लागतं. जे जे बाहेरून येऊन अंगाला भिडतं त्याला मराठीत लागणं म्हणतात. याच वाटेने काही वर्षं मी 'आठवणीचं लागीर' असंही म्हणून पाहिलं. ऐकायला छान वाटायचं आणि मुलांना लगेच कळायचं. पण ते मी सोडलं. कादंबरीत खरोखरच एक मेलेली मुलगी परत येते, घरात राहते, जेवते, आईला गिळू पाहते. 'लागीर', 'झपाटणं', 'बाधा' हे शब्द तिच्यासाठी राखून ठेवायला हवेत. रिमेमरीत भुताखेताचं काही नाही. तिकडे खड्डा आहे, जपून जा, इतक्या सरळपणे सेथा ते सांगते.

मला आज जो शब्द योग्य वाटतो तो एका विद्यार्थ्याने दिला. तृतीय वर्षाच्या वर्गात हेच पान चाललं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, फारसा कधी न बोलणारा, म्हणाला, "मॅडम, आमची आजी गावातल्या वाड्याम्होरं आली की आजून वहाणा काढून हातात घेती. वाडा पडलाय, माणसं पुण्याला गेली, कोण बघत न्हाई. तरी घेती." वर्ग गप्प झाला. मग तो म्हणाला, "मला कुणी काय सांगितलं न्हवतं. पण ल्हानपणापासनं तिथनं जाताना माझे पाय आपोआप बिचकत्यात. ते तिथंच हाय, मॅडम. जागचं हललं न्हाई."

जागचं हललं नाही. त्या दिवसापासून मी 'रिमेमरी'ला 'जागची आठवण' म्हणते. 'जागचा' हा रोजच्या वापरातला शब्द आहे: जागच्या जागी, जागचा उठेना, दगड जागचा हलेना. म्हणजे 'जागेची' असा अर्थ त्यात आहे, शिवाय 'न हलणारी' हाही आहे, आणि सेथाला हे दोन्ही म्हणायचं आहे. शिवाय आठवण कुणाची याचं उत्तर या शब्दात माणसाकडे न जाता जागेकडे जातं. सेथाचं वाक्य मग असं होतं: 'मी मेले तरी माझी ती जागची आठवण तिथेच असणार, जिथे ते घडलं तिथे.' मोठ्याने म्हणून पाहा. चुलीपुढे बसून कुणी बाई असं म्हणू शकते.

मात्र प्रत्येक ठिकाणी हाच शब्द लावू नका. सेथा कधी कधी हा शब्द साध्या आठवणीच्या अर्थानेही वापरते, तिथे 'आठवण' पुरे. 'जागची' हे विशेषण त्या माय-लेकींच्या बोलण्यात आणि त्याचे पडसाद जिथे उमटतात तिथेच ठेवावं, नाहीतर त्याचीही परिभाषा होऊन बसेल.

त्या मुलाचं उदाहरण अमेरिकेतल्या गुलामगिरीशी एकरूप आहे असं मी वर्गात म्हटलं नाही, म्हणूही नये. बाजारात विकलं जाणं, पोटचं पोर मालकाची मालमत्ता असणं, याची बरोबरी दुसऱ्या कशाशी करताना शंभरदा विचार करावा. पण दोन्हींकडे एकदम पाहण्याची सवय मराठीला जुनी आहे. जोतीराव फुले यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं 1873 साली, म्हणजे सेथाची कथा जिथे सुरू होते त्याच वर्षी. आणि ते त्यांनी अर्पण केलं होतं युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. तुमच्या वर्गात हे जरूर सांगा. सिनसिनाटीतलं ते घर आणि पुण्यातला तो छापखाना एकाच वर्षातले आहेत हे कळल्यावर मुलं पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघतात, हा माझा अनुभव आहे.

आता शेवटच्या पानावरचं ते वाक्य. 'इट वॉज नॉट अ स्टोरी टू पास ऑन.' इथे 'पास ऑन'चे दोन अर्थ एकमेकांना छेद देतात. ही गोष्ट पुढच्यांना सांगण्याजोगी नव्हती, हा एक. ही गोष्ट बाजूला सारून पुढे जाण्याजोगी नव्हती, हा दुसरा. विसरा आणि विसरू नका, दोन्ही एकाच वाक्यात. तुम्ही लिहिलंय तसं 'ही कथा पुढे सांगण्यासारखी नव्हती' केलं तर निम्मं वाक्य हातातून जातं. माझा पर्याय 'मागे ठेवणं' हा आहे. 'दोन मुलं मागे ठेवून गेला', 'कर्ज मागे ठेवलं' असं आपण म्हणतो तेव्हा तो वारसा असतो. आणि एखादी गोष्ट मागे ठेवून पुढे निघणं म्हणजे ती सोडून देणं. 'ही मागे ठेवायची गोष्ट नव्हती' या वाक्यात दोन्ही नकार मावतात. इंग्रजीत पुढे जाण्याची प्रतिमा आहे, मराठीत मागे ठेवण्याची आली, पण पेच तोच राहिला. 'पास ऑन' हेच शब्द सेथाने काळाबद्दल बोलताना, काही गोष्टी जातात असं म्हणताना, वापरलेले असतात; तो धागा मराठीत तुटतो, हे मला मान्य आहे. तो सांधायला मला अजून काही सापडलेलं नाही.

त्याच पानावर 'डिसरिमेम्बर्ड' असा शब्द त्या परत आलेल्या मेलेल्या मुलीसाठी आलाय. त्याला 'विसरलेली' म्हणू नका. लोकांनी तिला वाईट स्वप्नासारखं मनातून काढून टाकलं आहे, तेव्हा 'विसर पाडलेली' म्हणा. पडणं आणि पाडणं यातला फरक मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. 'मागे ठेवायची गोष्ट' हे वाक्य शेवटच्या त्या दोन पानांत तीनदा येतं. पहिल्या दोन वेळा भूतकाळात, तिसऱ्यांदा वर्तमानकाळात. घाईत तिन्ही ठिकाणी 'नव्हती' लिहिलं जातं, माझ्याही टिपणांत ते बरीच वर्षं तसंच होतं. तिसऱ्या वेळी 'नाही' करा: ही मागे ठेवायची गोष्ट नाही.