वहीत ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

तुम्ही विचारलंय, ‘तुम्ही का लिहिता? आणि लिहिता ते ठीक, पण लोकांना वाचायला का देता? स्वतःपुरतं ठेवता येत नाही का?’

येतं की. मी बरीच वर्षं वहीतच लिहीत होतो. रचणं आणि लोकांपर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. गाणी त्यांची, कागदावर उतरवली घरच्यांनी, आणि पुस्तक निघालं त्या गेल्यावर, १९५२ साली.

मन मोकळं करायला वही पुरते. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने एका प्रयोगात (प्रसिद्ध झाला १९८६ साली) विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्यावर ते आणखीच उदास झाले. पण जे घडलं तेही आणि जे वाटलं तेही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. वाहवा करायला समोर कुणी नव्हतं, तरी.

मग दाखवायचं कशाला? एक कारण उघड आहे, कौतुक हवं असतं. इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली लेखनामागची चार कारणं सांगितली, त्यात अहंकार पहिला ठेवला. ‘मी फक्त स्वतःसाठी लिहितो’ असं चारचौघांत सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

पण माझं खरं कारण निराळं आहे. वहीत मी लबाडी करतो. बाबा आजारी होते तेव्हाबद्दल माझ्या वहीत कितीतरी वेळा एकच ओळ आहे: ‘दादा आला नाही. नेहमीचंच.’ पुढे काही नाही, कारण ‘नेहमीचंच’ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. निदान तसं वाटत होतं. पुढे तेच सगळं इतरांनी वाचावं म्हणून लिहायला बसलो आणि त्या शब्दापाशी अडलो. परक्या माणसाला ‘नेहमीचंच’ कसं कळणार? तो विचारणारच, का नाही आला? त्याला कुणी कळवलं होतं? कधी?

कळवायचं माझ्याकडे होतं. मी फोन केला तिसऱ्या दिवशी. रागात होतो, म्हटलं बघू स्वतःहून विचारतोय का. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण वहीने कधी विचारलं नव्हतं.

चार वेळा खोडून शेवटी ते वाक्य ठेवलं. छापायच्या आधी दादाला वाचायला दिलं. त्याने शांतपणे शेवटपर्यंत वाचलं, कागद परत केला आणि म्हणाला, ‘तिसऱ्या नाही, चौथ्या दिवशी केलास.’

तेवढं दुरुस्त केलं.