‘हृदयोत्तेजक’ आणि ‘तत्काळ’: दोन शब्दांची तपासणी

वैद्यकीय मजकुराचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘हृदयोत्तेजक स्टेरॉइड औषधे हृदयाच्या स्नायूवर तत्काळ क्रिया करतात’ हे वाक्य मराठीत चालेल का. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नाही, परंतु त्यातील दोन शब्द वाचकाची दिशाभूल करतात आणि तिसऱ्याला स्पष्टीकरणाची जोड हवी, असे माझे मत आहे.

पहिला शब्द ‘उत्तेजक’. येथे अभिप्रेत असलेली औषधे म्हणजे डिजॉक्सिन, डिजिटॉक्सिन, वाबेन ही मंडळी. पेशीतील सोडियम बाहेर टाकणाऱ्या पंपाला ती अडवतात, त्यामुळे आत सोडियम साचते, कॅल्शियम बाहेर जाण्याचे प्रमाण घटते आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे स्नायूचे आकुंचन अधिक जोरकस होते. मात्र त्याच वेळी हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून नाडी मंदावते. अलिंदांचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे, ठोके अनियमित व जलद पडत असतील तेव्हा डिजॉक्सिन देतात ते मुख्यतः नाडीचा वेग आवरण्यासाठीच. मराठी माणसाला ‘उत्तेजक’ म्हटले की धडधडणारी छाती आठवते, म्हणजे नेमके उलटे चित्र. तो शब्द अॅड्रिनलिनला शोभतो.

मग ‘हृद्य’ का नको, असेही कोणी सुचवील. चरकसंहितेत ‘हृद्य’ नावाचा दहा द्रव्यांचा गण आहे, पण त्यात आंबा, बोर, डाळिंब, महाळुंग अशी फळे आहेत, आणि आजच्या मराठीत तर हृद्य असतो तो सत्कार किंवा आठवण. ‘बलवर्धक’ म्हणावे, तर टॉनिकची बाटली डोळ्यांपुढे येते. म्हणून मी जोडशब्दाचा मोह सोडून ‘हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवणारी’ असेच लिहीन. शब्द चार लागतात, पण चारही खरे आहेत.

‘स्टेरॉइड’ हा शब्द रासायनिक अर्थाने बरोबर आहे, कारण या रेणूंच्या गाभ्यात स्टेरॉइडाची चार कड्यांची चौकट असते आणि तिला शर्करा जोडलेली असते. सामान्य वाचक मात्र दम्याची किंवा व्यायामशाळेतली औषधे समजेल, म्हणून ‘स्टेरॉइड-गाभ्याची’ असे म्हणावे.

सर्वांत जपून वापरावा असा शब्द ‘तत्काळ’. तत् आणि काल, म्हणजे त्याच वेळी. शरीराबाहेर काढलेल्या स्नायूच्या तुकड्यावर वाबेन सोडले तरी परिणाम वाढत जायला काही मिनिटे लागतात. शिरेतून दिलेल्या डिजॉक्सिनचा परिणाम साधारण ५ ते ३० मिनिटांत सुरू होतो, पण तो शिगेला पोहोचायला १ ते ४ तास जातात. गोळी घेतल्यास आरंभालाच अर्धा ते दोन तास लागतात. औषध रक्तात लवकर दिसते, स्नायूत मात्र सावकाश मुरते, आणि म्हणूनच रक्तातील पातळी मोजण्यासाठीचा नमुना मात्रेनंतर किमान सहा तासांनी घेतात. ‘मुरणे’ हे आपले लोणच्यातले क्रियापद येथे किती नेमके बसते! डिजिटॉक्सिन त्याहूनही संथ आहे, तर वाबेन या तिघांत सर्वांत चपळ. इतक्या निरनिराळ्या गतींना एकच ‘तत्काळ’ लावणे अन्यायाचे आहे.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. कण्हेरीत आणि बिट्टीत, म्हणजे पिवळ्या कण्हेरीत, याच जातीची द्रव्ये असतात. संस्कृतात कण्हेरीला ‘अश्वमारक’ म्हणतात ते उगाच नाही. बिट्टीचे बी पोटात गेलेल्या माणसाच्या हृदयाची लय कित्येक तासांनंतरही बिघडू शकते, त्यामुळे तो सुरुवातीला ठीक दिसला तरी त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. ‘विष तत्काळ भिनते’ असे वाचलेला नातेवाईक तासाभराने निश्चिंत होऊन त्याला घरी नेईल.

तेव्हा वाक्य असे लिहावे: ‘हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवणाऱ्या, स्टेरॉइड-गाभ्याच्या औषधांची क्रिया काही मिनिटांत ते काही तासांत सुरू होते, पूर्ण परिणामास मात्र आणखी काही तास लागू शकतात, आणि हा काळ औषधावर व ते देण्याच्या मार्गावर अवलंबून असतो.’