जुन्या पेट्रोल स्विफ्टची ताकद वाढवायची असेल तर आधी काय करावे

तुमच्या प्रश्नातले तपशील आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते इतरांनाही कळेल. काकांकडून आलेली २००८ची स्विफ्ट, १.३ लिटर पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला उघड्यावर उभी असते आणि अधूनमधून आंबा घाटाने कोल्हापूरला जाते. हाताशी चाळीस हजार रुपये आहेत आणि तुमच्या यादीत कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर कमी अडवणारा), रीमॅप (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे सेटिंग बदलणे), इरिडियम प्लग व गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आहेत. माझ्या मते यातली एकही वस्तू इतक्यात घेऊ नये, आणि घाटात गाडी खरोखर जलद व्हावी असे वाटत असेल तर पैसे दुसरीकडे घालावेत.

हे इंजिन नवेपणी ६००० आरपीएमला ८७ बीएचपी आणि ४५०० आरपीएमला ११३ न्यूटन मीटर टॉर्क देत असे. टर्बो असलेल्या गाडीत रीमॅप करणारा माणूस मुख्यतः बूस्ट वाढवतो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवाच जास्त कोंबतो, आणि म्हणून तिथे वीस-पंचवीस टक्के वाढ सहज मिळते. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वातावरणाच्या दाबाने येईल तेवढीच येते. हाती उरते ते फक्त इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, आणि पेट्रोल-हवेचे प्रमाण, आणि त्यात कंपनीने राखून ठेवलेली सूट इतकी थोडी असते की चार-पाच बीएचपी मिळाले तरी पुष्कळ म्हणायचे. सुमारे हजार किलोच्या गाडीत एवढी वाढ म्हणजे डिकीत कायम पडून असलेले चाळीस-पन्नास किलो सामान उतरवल्याने जो फरक पडेल तेवढीच. ते सामान फुकट उतरते (स्टेपनी आणि जॅक मात्र उतरवू नका).

याउलट, सव्वा लाख चाललेल्या गाडीने मूळच्या ८७ पैकी किती गमावले आहेत हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि तपासाची सुरुवात तिथूनच करायला हवी. कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी, करून घ्या: इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग काढलेले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे एकमेकांच्या जवळपास असले पाहिजेत. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे लागेल. अशा इंजिनावर रीमॅप करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणारा दातेरी पट्टा) आहे, आणि तो लाख किलोमीटरच्या आसपास बदलल्याची नोंद काकांच्या कागदांत नसेल तर तो आताच बदलावा. बसवताना एक दात जरी चुकला तरी गाडी चढाला मरगळते. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करणे, जांभ्याच्या लाल धुळीने भरलेला एअर फिल्टर बदलणे आणि नवे साधे प्लग टाकणे, एवढे स्वस्तात होते. पेट्रोलच्या रबरी पाइपांवर तडे आहेत का तेही बघून घ्या, कारण २००८ची गाडी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नव्हती.

आता किनाऱ्यावरच्या गाड्यांचा खास आजार. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे पुढच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) सरकत्या पिना गंजून अडकतात. रबरी टोपी वरून धड दिसते, पण ती मागे सारली की आतली पिन तांबूस झालेली आणि ग्रीसचा नुसता सुका थर उरलेला आढळतो. मग पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो आणि इंजिनाची ताकद चाकाशीच खर्च होते. ओळखणे सोपे आहे: सपाट रस्त्यावर ब्रेक जवळजवळ न वापरता दहा-बारा किलोमीटर जाऊन थांबा आणि चारही चाकांजवळ हात न टेकवता धरून पाहा. एकच चाक तापलेले लागले तर तिथला ब्रेक जॅम आहे. खोलल्यावर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेला निघाला की शंका उरत नाही. पिना साफ करून, ब्रेकसाठीचे ग्रीस लावून, रबरी टोप्या बदलून बसवल्या की गाडी अशी मोकळी होते की मालकाला इंजिनाचे काम केल्यासारखे वाटते. मागचे ड्रम आणि हँडब्रेकची केबलही त्याच वेळी पाहून घ्यावी.

ब्रेक खोललेच आहेत तर ब्रेक ऑइलही बदला. ते हवेतली ओल शोषते आणि तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रकारचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि ओल शोषल्यावर किमान १४० अंशांपर्यंत, असे मानक आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंब्याहून साखरप्याकडे भरल्या गाडीने उतरताना हा फरक कामाचा ठरतो, कारण उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते. डॉट ४ या गाडीला चालते. आपल्या दमट हवेत ते दोन वर्षांनी बदलावे. (आणि उतार गिअरमध्ये उतरावा, हे सांगायला नको.)

खर्चाचा मोठा भाग मी टायर आणि शॉकॲब्सॉर्बरवर करीन. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभ्या गाडीचे जुने रबर कडक होते आणि ओल्या वळणावर पकड सोडते. तुमच्या गाडीला १६५/८० आर १४ असतील तर वरच्या मॉडेलला कंपनीनेच दिलेले १८५/७० आर १४ घ्या. व्यासात एक टक्काही फरक पडत नाही, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि रुंदी मात्र वीस मिलिमीटरने वाढते. सोबत पुढचे शॉक, त्यांचे वरचे माउंट, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि शेवटी अलाइनमेंट. वळणात वेग टिकवता आला की चढाला तो पुन्हा कमवावा लागत नाही. आंबा घाटात ८७ बीएचपीची गाडी जलद जाते ती अशीच.

खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आपल्याकडच्या खड्ड्यांसाठी आणि वाडीतल्या पाखाडीसारख्या (दगडी पायऱ्यांच्या) वाटांसाठी अजिबात नकोत. इरिडियम प्लग जास्त टिकतात, पण ताकद वाढवत नाहीत. कोन फिल्टरला माझा सक्त विरोध आहे: तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि हवा तीस अंशांनी जास्त गरम असली तर तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. आवाज वाढतो, म्हणून ताकद वाढल्याचा भास होतो. शिवाय पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनाने पाणी ओढले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

हे सगळे झाल्यावरही हौस असेल तर सायलेन्सरपेक्षा हेडरचा, म्हणजे चारही सिलिंडरांतला धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांचा, विचार करा. चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात मिळणारा प्रकार मधल्या आरपीएमला उपयोगी पडतो, आणि घाटात गाडी तिथेच चालते. चारच्या एकदम एक होणारा प्रकार वरच्या आरपीएमसाठी असतो. नको तितका जाड पाइप लावला की धुराचा वेग घटतो आणि खालचा टॉर्क जातो. रीमॅप करायचाच तर हेडरनंतर, एकदाच, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जागच्या जागी ठेवून.

कागदांचेही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढवली जाते. म्हणजे २०२३ मध्ये नूतनीकरण झाले असेल तर पुढची तपासणी २०२८ मध्ये येईल, तेव्हा मूळ सायलेन्सर, मूळ हेडर आणि एअर फिल्टरचा डबा भंगारात न देता घरी जपून ठेवा.