तोंडाचा पट्टा कोणता, आणि पटाईत कोण?

प्रश्न असा आहे. नागपुरातल्या चार मित्रांच्या गप्पांत एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तुह्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला का थांबतच नाई बे." दुसऱ्याने उलट विचारलं, "कोणता पट्टा? कमरेचा का चक्कीचा?" तिसऱ्याने मध्ये पडून निकाल दिला : दांडपट्टा ही लवचीक तलवार मावळे कमरेला गुंडाळून नेत, म्हणून तिला पट्टा म्हणतात, म्हणजे पट्टा कमरेचाच. या भानगडीत चौथ्याचं नाव ‘फिरंग’ (हीही एक तलवारच) पडलं. आता ‘फिरंग आला’ म्हणायचं की ‘फिरंग आली’, यावर वेगळी जुंपली आहे.

आधी तिसऱ्याचा निकाल मोडून काढू, कारण ही समजूत बरीच पसरली आहे. कमरेला गुंडाळता येते ती केरळची उरुमी. कळरीपयट्टू या तिथल्या युद्धकलेत ती वापरतात. तिचं पातं पातळ पोलादी पट्टीसारखं असतं आणि त्याचं वेटोळं होतं. दांडपट्ट्याचं तसं नाही. त्याचं पातं सरळ, दुधारी, साधारण तीन ते चार फुटांचं. ते लवतं आणि परत सरळ होतं, पण त्याची गुंडाळी होत नाही. शिवाय त्याला मूठ नसतेच म्हटलं तरी चालेल. मुठीच्या जागी लोखंडी खोबळा असतो. खोबळा म्हणजे पंजा आणि कोपराखालचा बराचसा हात झाकणारं कवच. त्याच्या आत आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. हा खोबळा कमरेला बांधून कोणी चालून दाखवावं, मग पुढे बोलू.

मग नाव पट्टा का? ‘पट्ट’ या संस्कृत-प्राकृत शब्दाचा मूळ अर्थ लांब, चपटी, अरुंद वस्तू : कापडाची पट्टी, धातूचा पत्रा, लिहिण्याची फळी. कमरेचा पट्टा लांब नि चपटा, तलवारीचं हे पातंही लांब नि चपटं. दोन्ही नावं एकाच मुळातून आली, पण एकातून दुसरं निघालेलं नाही. वाघाच्या अंगावरचा पट्टा त्याच घरातला. आपल्याकडे झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे ‘पट्टे वाटप’ होतात, त्या पट्ट्याची वाट मात्र थोडी वेगळी. राजाज्ञा ज्या पट्टावर कोरत तो ताम्रपट, त्यावरून जमिनीचा लेख, त्यावरून भाडेपट्टा. ‘पट्टेवाला’ शिपाई अर्थातच अंगावरच्या पट्ट्यामुळे. त्या पट्ट्यावरच्या बिल्ल्याला चपरास म्हणत, म्हणून तोच चपराशी.

आता खरा मुद्दा, तोंडाचा पट्टा. शब्द एकच आणि अर्थ चार, अशा वेळी शब्दाकडे न पाहता त्याच्या क्रियापदाकडे पाहावं. कमरेचा पट्टा बांधतात, आवळतात, सैल करतात. तो ‘सुटला’ तर विजार सावरावी लागते, कोणाचं तोंड चालू होत नाही. चक्कीचा पट्टा चढवतात. तो उतरला किंवा निसटला तर मोटर नुसती फिरते आणि जातं बंद पडतं. म्हणजे चक्कीचा पट्टा सुटणं याचा अर्थ गप्प बसणं असा व्हायला हवा होता. झाला तो नेमका उलटा. शस्त्राचा पट्टा मात्र चालवतात, फिरवतात, खेळतात, सोडतात. तोंडाच्या पट्ट्याला हीच क्रियापदं लागतात : तोंडाचा पट्टा चालू झाला, त्याने पट्टा सोडला, तिने तासभर पट्टा चालवला. इथलं ‘सुटणे’ वारा सुटतो किंवा माणूस पळत सुटतो त्या जातीचं. एकदा सुरू झालं की आवरत नाही, असं.

शस्त्र कसं चालतं ते माहीत असेल तर वाक्प्रचार आणखी पक्का बसतो. तलवारीत मनगट मोकळं असतं. वार अर्ध्यात वळवता येतो, खोटा वार दाखवून दुसरीकडे मारता येतो, थांबताही येतं. पट्ट्यात मनगट खोबळ्यात अडकलेलं. हालचाल सगळी कोपरातून, खांद्यातून आणि कमरेतून. पातं लांब, त्यामुळे वेग टोकाशी साठतो आणि एकदम थांबवायला गेलं तर पट्टाच माणसाला ओढून नेतो. म्हणून खेळणारा थांबत नाही. पातं डोक्यावरून, बगलेतून, पायांजवळून एकामागून एक फिरत राहतं. हात आणि पातं मिळून पाच-सहा फुटांच्या त्रिज्येचं रिंगण तयार होतं आणि त्यात शत्रूला शिरता येत नाही, मित्रालाही नाही. चहूकडून घेरलेल्या एकट्या माणसाचं हे शस्त्र. ज्याचं बोलणं थांबत नाही, ज्याच्यात मध्येच शब्द घालता येत नाही आणि ज्याच्या माऱ्यात आपला-परका असा भेद राहत नाही, त्याला यापेक्षा नेमकं काय म्हणणार?

नवशिका चुकतो तो इथेच. तलवारीच्या सवयीने मनगट फिरवायला जातो, पातं वाकडं पडतं, धारेऐवजी पात्याची चपटी बाजू लागते. किंवा पाय जागेवर ठेवून नुसता हात फिरवतो आणि टोक स्वतःच्याच पोटरीला येतं. म्हणून आधी पाय शिकवतात, मग काठी, मग बोथट पातं. डोक्यावर किंवा तळहातावर ठेवलेलं लिंबू कापण्याचा जो खेळ मिरवणुकीत दिसतो, तो या सगळ्याच्या कितीतरी पुढचा.

पायांच्या या मांडणीला ‘पवित्रा’ म्हणतात. वर्तमानपत्रात रोज कोणी ना कोणी ‘आक्रमक पवित्रा’ घेत असतो, तो हाच. पावित्र्याशी याचा संबंध नाही. हिंदीतला पैंतरा तोच हा शब्द, मराठीत येताना ओळखीच्या शब्दासारखा दिसू लागला इतकंच. त्यामुळे ‘पवित्र घेतला’ ही चूक आणि ‘पवित्रा उचलला’ हेही विचित्र. पवित्रा घेतात, बदलतात, आणि फार झालं तर सोडतात.

पट्ट्याने मराठीला आणखी एक शब्द दिला आहे, आणि तो इतका रुळला की त्यातलं शस्त्र कोणाला दिसत नाही : पटाईत. ढाल बाळगणारा ढालाईत, भाला बाळगणारा भालाईत, तसा पटा म्हणजे पट्टा खेळणारा पटाईत. पटा खेळण्यात तरबेज, पुढे कशातही तरबेज. थापा मारण्यात पटाईत, उधारी बुडवण्यात पटाईत. आज हा शब्द चांगल्या कामापेक्षा अशा कामांनाच जास्त लागतो, हे आपल्या भाषेचं खट्याळपण. दुसरा पटाईत आपल्या जंगलातला. जुन्या मराठीत ‘पटाईत वाघ’ म्हणजे अंगावर पट्टे असलेला वाघ, ठिपक्यांचा बिबट्या नव्हे. ताडोब्यात दिसतो तो पटाईत आणि पट्टा फिरवतो तोही पटाईत. गप्पांतल्या ज्या मित्राचं तोंड थांबत नाही, त्याला नाव शोधत असाल तर हे घ्या. तो खूश होईल आणि बाकीच्यांना खरं कारण ठाऊक असेल.

जाता जाता लेखनाचं एक. ‘वा रे पट्ट्या’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. तिथे ‘पठ्ठ्या’ हवं. पठ्ठा म्हणजे आखाड्यातला तयारीचा गडी, वस्तादाचा चेला. पट्ट्या हे पट्टीचं अनेकवचन, डोक्याला बांधायच्या त्या. भांडणानंतर दोन्ही लागू शकतात, पण शब्द वेगळे.

आता फिरंग. हे नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यायला हवी, कारण नागपूरला ते शोभतं. फिरंग म्हणजे युरोपात घडवलेल्या पात्याला आपल्याकडची मूठ बसवलेली सरळ तलवार. फ्रँक लोकांच्या नावावरून फारसीत फरंग, त्यावरून फिरंगी आणि फिरंग. पोर्तुगीज, इंग्रज अशा व्यापाऱ्यांकडून ही पाती येत आणि मराठ्यांना ती आवडत. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने जी तलवार घेतली, ती नागपूरकर रघुजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाते, आणि ती फिरंगच आहे. पातं सरळ, युरोपीय बनावटीचं, एका धारेचं. मूठ मुल्हेरी पद्धतीची, तिच्यावर सोन्याचं काम. पात्यावर देवनागरीत सोन्याने लिहिलंय : श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग. (सेनासाहिब सुभा ही रघुजींची पदवी.) म्हणजे शस्त्राची जात त्या शस्त्रावरच नोंदलेली आहे. संग्रहालयातल्या प्रत्येक तलवारीला जे सरसकट ‘भवानी’ म्हणतात, त्यांनी हे जरा वाचावं.

‘फिरंग आला’ की ‘आली’? तलवार म्हणून ती फिरंग, स्त्रीलिंगी. तलवार, धोप, कट्यार, गुप्ती, बर्ची, तोफ, ढाल सगळ्या ‘ती’. पट्टा, भाला, बिचवा, सुरा, खंजीर हे ‘तो’. वाघनख नपुंसकलिंगी, अनेकवचन वाघनखं. माणसाला नाव दिलं की दोन पायऱ्या होतात. नाव नवं असतं तेव्हा ती उपमा असते आणि शब्द आपलं लिंग सोडत नाही. मित्र दारात दिसताच ‘आली तोफ!’ असंच तोंडातून येतं. वक्त्याला ‘मुलुखमैदान तोफ धडाडली’ म्हणतात, तो पुरुष असला तरी. (ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, आता विजापुरात आहे. तिच्या वाट्याला इतके वक्ते येतील असं तिला ओतणाऱ्याला वाटलं नसेल.) नाव रुळलं की माणसाचं लिंग वर येतं. समशेर म्हणजे तलवार, पण बाजीराव-मस्तानीच्या मुलाला समशेर बहाद्दर आला असंच म्हणायचे, आली नव्हे. तेव्हा तुमचा फिरंग आज ‘आली’ आहे, वर्षभराने आपोआप ‘आला’ होईल. दोन्ही पक्ष बरोबर आहेत, फक्त काळ वेगळा.

एक सावधगिरी : ‘फिरंग’ ऐवजी ‘फिरंगी’ म्हटलं की अर्थ तलवारीकडून माणसाकडे जातो. गोऱ्या मित्राला फिरंगी म्हणतात तो निराळा विनोद आहे आणि फारसा चांगलाही नाही.

लढाईवरून नावं ठेवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ लढाईत पडलेला इंग्रजांचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मराठ्यांसाठी ‘इष्टूर फाकडा’ होता. शत्रू खरा, पण गडी फाकडा, म्हणजे रुबाबदार आणि बेधडक. पेशवाईतले साडेतीन शहाणे तर प्रसिद्धच : सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणीस. नानांची अक्कल कमी म्हणून ते अर्धे नव्हेत. बाकीचे तिघे लेखणीबरोबर तलवारही चालवत, नाना लढवय्ये नव्हते, म्हणून अर्धं शहाणपण कापलं गेलं, असं परंपरा सांगते. म्हणजे पूर्ण शहाण्यांत एक आपला, हे पुणेकरांशी वाद घालताना लक्षात ठेवण्यासारखं.

आणि एक नाव नागपूरकरांना दुसऱ्यांनी दिलेलं. १७४० च्या दशकात रघुजींच्या फौजा बंगालवर जात, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना ‘बोर्गी’ म्हटलं. तो शब्द म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळतं तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा, स्वतःचं शस्त्र घेऊन येतो तो शिलेदार (सिलाह म्हणजे शस्त्र). आज ‘शिलेदार’ कोणत्याही नेत्याच्या कोणत्याही माणसाला लावतात. त्यातले बहुतेक जण शब्दशः बारगीर असतात. मित्रमंडळात हा फरक करणं सोपं आहे : स्वतःची गाडी घेऊन येतो तो शिलेदार, दुसऱ्याची मागून फिरतो आणि पेट्रोल न भरता परत देतो तो बारगीर.

उरलेल्या नावांसाठी थोडक्यात. गुप्ती म्हणजे काठीत लपवलेलं पातं. दोन तास गप्प बसून शेवटी एकच वाक्य टाकणाऱ्याला ते द्यावं. बिचवा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी वाकडी छोटी कट्यार, पण हिंदीत बिछवे म्हणजे पायातली जोडवी, त्यामुळे नागपुरात हे नाव ठेवाल तर हसू वेगळ्याच कारणाने होईल. वाघनखाच्या दोन अंगठ्या बोटांत बसतात आणि नखं मुठीत दडतात, म्हणून हसून हात मिळवणाऱ्या मित्राला ते फिट्ट. क्रियापदं मात्र चुकवू नका : तलवार उपसतात, परजतात, म्यान करतात. कट्यार काढतात. खंजीर खुपसतात. बाण सोडतात. तोफ डागतात. ‘पट्टा उपसला’ कोणी म्हटलं तर समजावं, याने पट्टा पाहिलेला नाही. पट्टा हातात चढवतात आणि मग चालवतात.