जुने जहाज अवश्य घ्या, पण खोलीचा क्रमांक ठरल्याशिवाय पैसे भरू नका

तुमचा प्रश्न काळजीपूर्वक वाचला. सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदाच अलास्काच्या जहाज सफरीला जायचे आहे, २००० सालच्या आसपास बांधलेल्या जहाजाचे भाडे नव्या जहाजापेक्षा बरेच कमी दिसते आहे, नातेवाईक "जुनाट जहाज घेऊ नका" म्हणून घाबरवत आहेत, आणि ट्रॅव्हल कंपनीने "बाहेरच्या बाजूच्या खोल्या सगळ्या सारख्याच असतात, क्रमांक नंतर मिळेल" असे सांगितले आहे. हे शेवटचे वाक्य वाचूनच मी लिहायला बसले, कारण सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जवळजवळ याच शब्दांत आम्हालाही हे ऐकवण्यात आले होते, आणि त्या सफरीत आम्हाला सर्वांत महाग पडले ते हेच वाक्य.

आधीच स्पष्ट करते की मी या व्यवसायातली नाही. त्यानंतरही आमचे अलास्काला जाणे झाले, त्या अनुभवावर आणि वाचनावर हे मत आधारलेले आहे. जहाजांची वेळापत्रके आणि कंपन्यांचे नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे नोंदणीपूर्वी प्रत्येक गोष्ट जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून घ्यावी. गरम कपडे, रेनकोट, विमा, टिप यांबद्दल इथे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते वगळते.

माझे मत असे की पहिल्या अलास्का सफरीसाठी मध्यम आकाराचे जुने जहाज नव्या अवाढव्य जहाजापेक्षा बहुतेक वेळा चांगले ठरते. त्याला कारण भाडे नव्हे, मार्ग आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरचे कॅनडा प्लेस हे क्रूझ टर्मिनल लायन्स गेट पुलाच्या आतल्या बाजूस आहे आणि त्या पुलाखालची मोकळी उंची साधारण ६१ मीटर असल्यामुळे सर्वांत उंच नवी जहाजे तिथे जाऊच शकत नाहीत, ती अमेरिकेतल्या सिॲटलहून सुटतात. सिॲटलहून निघालेली जहाजे बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या महासागरातून उत्तरेला जातात. व्हँकुव्हरहून निघालेले जहाज मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून, जॉन्स्टन सामुद्रधुनीतून जाते. दोन्ही काठांवरचे देवदारासारखे दाट जंगल पहिल्याच संध्याकाळपासून दिसू लागते आणि ज्यांना समुद्र लागतो त्यांना त्या शांत पाण्याचा फार आधार वाटतो. वाटेतल्या सेमूर नॅरोज या अरुंद पट्ट्यात पूर्वी रिपल रॉक नावाचा पाण्याखालचा खडक होता. अनेक जहाजे आणि शंभरावर माणसे त्याने घेतल्यानंतर ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंग लावून उडवण्यात आला. आजही तिथला प्रवाह इतका जोरदार असतो की जहाजे भरती-ओहोटीची वेळ साधूनच तिथून जातात. सिॲटलहूनही काही मध्यम आकाराची जुनी जहाजे सुटतात, म्हणून केवळ बंदरावरून निष्कर्ष काढू नका, मार्गाचा नकाशा मागा.

दुसरी गोष्ट ग्लेशियर बेची. अलास्कातल्या या राष्ट्रीय उद्यानात एका दिवशी जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि त्या परवान्यांचा मोठा वाटा हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या कंपन्यांकडे आहे. हॉलंड अमेरिकाची व्होलेंडॅम (१९९९) आणि झांडॅम (२०००) ही अशीच जुनी जहाजे आहेत. व्होलेंडॅम सुमारे ६१,००० टनांचे आणि साधारण १,४०० प्रवाशांचे, तर २०१८ चे नॉर्वेजियन ब्लिस हे नवे जहाज सुमारे १,६८,००० टनांचे आणि ४,००० प्रवाशांचे. या जहाजांवर संपूर्ण जहाजाभोवती फिरणारा खालचा प्रॉमनाड डेक, म्हणजे चालण्याचा मार्ग, असतो, पाण्याच्या जवळ, छताखाली, आणि अलास्कासारख्या पावसाळी प्रदेशात हे फार मोलाचे आहे. ग्लेशियर बेमध्ये जहाज दिवसाचा बहुतांश भाग आत असते, उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश वळवले जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसते. "उजव्या बाजूचीच खोली घ्या" म्हणून जादा पैसे मागणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. ज्या जाहिरातीत फक्त "हिमनदी दर्शन" लिहिलेले असते, तिथे नाव विचारा. हबर्ड हिमनदी भव्य आहे, पण बर्फाचे तुकडे फार असले की जहाजाला दूरच थांबावे लागते. ट्रेसी आर्म या अरुंद खाडीच्या टोकाशी १० ऑगस्ट २०२५ रोजी मोठे भूस्खलन होऊन त्सुनामी आली होती, त्यामुळे जुने माहितीपत्रक दाखवून कुणी तो मार्ग विकत असेल तर ताजे वेळापत्रक मागावे.

राहिला जुनेपणाचा प्रश्न. समुद्रातील सुरक्षिततेचे काही आंतरराष्ट्रीय नियम फक्त नव्या जहाजांना लागू होतात, पण तपासणीतून जुने जहाज सुटत नाही. प्रवासी जहाजाची दरवर्षी तपासणी होते आणि जहाज पाण्याबाहेर काढून तळाची तपासणी सहसा दर पाच वर्षांत किमान दोनदा करावी लागते. ज्वालाग्राही सामान वापरून बांधलेली खरोखर म्हातारी जहाजे २०१० च्या नियमांनंतर या सेवेतून बाहेर पडली. स्वच्छतेसाठी अमेरिकेची सीडीसी ही सार्वजनिक आरोग्य संस्था १०० पैकी गुण देते, ८६ किंवा अधिक म्हणजे उत्तीर्ण, आणि हे अहवाल कुणालाही वाचता येतात. नातेवाइकांच्या सांगण्यापेक्षा तो अहवाल आणि जहाज शेवटचे ड्राय डॉकमध्ये (पाण्याबाहेर दुरुस्ती करायच्या गोदीत) केव्हा गेले याची चौकशी, या दोन गोष्टींवर माझा अधिक भरवसा आहे. बिघाड होत नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. २००० सालच्या सेलिब्रिटी मिलेनियम या जहाजाच्या चालक यंत्रणेत २०१३ च्या ऑगस्टमध्ये बिघाड झाला आणि त्या मोसमातल्या त्याच्या उरलेल्या अलास्का सफरी रद्द कराव्या लागल्या. म्हणून परतीचे विमान सफर संपेल त्याच दिवशी सकाळचे घेऊ नये, आणि हे नव्या जहाजालाही लागू आहे.

आता मूळ मुद्दा. नव्या जहाजांवर बाहेरच्या खोल्यांपैकी बहुतेकांना बाल्कनी असते आणि त्या बऱ्याचशा एकसारख्या असतात. जुन्या जहाजांवर तसे नसते. तिथे बाल्कन्या थोड्या, खिडकीच्या खोल्या पुष्कळ, आणि त्या खिडक्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. काहींसमोर पूर्ण मोकळा समुद्र, काहींसमोर लाइफबोट टांगलेली, काहींसमोरून लोकांची सतत ये-जा. भाड्याच्या तक्त्यात या सगळ्या "बाहेरच्या खोल्या" म्हणूनच असतात, फरक फक्त श्रेणीच्या अक्षरात असतो. शिवाय "गॅरंटी" नावाचा एक प्रकार असतो, ज्यात किमान श्रेणी पक्की असते पण खोली कंपनी तिच्या सोयीने देते. तरुणांसाठी तो स्वस्त आणि उत्तम पर्याय आहे. वडीलधाऱ्यांसाठी तो कधीही घेऊ नये.

आम्ही ज्या ट्रॅव्हल एजंटच्या कचेरीतून नोंदणी केली, तिला मी लेखी कळवले होते की सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खोली जहाजाच्या मध्यभागी आणि लिफ्टजवळ हवी, आणि सासरे थंडीत डेकवर फार वेळ उभे राहू शकत नाहीत, म्हणून खिडकीसमोर अडथळा नको. उत्तर आले की काळजी नसावी, सर्व खोल्या सारख्याच. प्रत्यक्षात त्यांनी गॅरंटी प्रकारात नोंदणी केली आणि ही गोष्ट आम्हाला सांगितली नाही. पावतीवर एक सांकेतिक अक्षर होते, त्याचा अर्थ मी दोनदा विचारला, दोन्ही वेळा "ते कंपनीचे अंतर्गत आहे" असे उत्तर मिळाले. अंतिम रक्कम भरून झाली, आणि प्रवास तोंडावर आला असताना खोलीचा क्रमांक कळला. डेकचा नकाशा उघडला तर खोली पार पुढच्या टोकाला, नांगराच्या यंत्रांच्या वर, आणि खिडकीसमोर लाइफबोट.

त्यानंतर जे झाले ते तुमच्या बाबतीत होऊ नये एवढ्यासाठीच सविस्तर सांगते. मी थेट जहाज कंपनीला फोन केला. त्यांनी सौजन्याने, पण ठामपणे सांगितले की नोंदणी एजंटमार्फत झालेली असल्यामुळे बदलही एजंटनेच करायचा, प्रवाशाशी ते त्याबाबत बोलू शकत नाहीत. कचेरीत फोन केला तर तिथले म्हणाले की खोली जहाज कंपनीने दिली आहे, आमच्या हातात काही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी मध्यभागातल्या मोकळ्या खिडकीच्या खोल्या शिल्लक दिसत होत्या, भाड्यातला फरक भरायला आम्ही तयार होतो, आणि करायचा होता तो केवळ एक फोन. ईमेलला उत्तर यायला चार-चार दिवस लागत. मग त्यांनी फरकाच्या रकमेवर स्वतःचे सेवाशुल्क सांगितले, आम्ही तेही मान्य केले, आणि त्यांनी कळवेपर्यंत त्या खोल्या गेल्या. रद्द करावे तर त्या टप्प्यावर भाड्याचा मोठा हिस्सा बुडणार होता. ज्या दिवसासाठी सासऱ्यांनी एवढा प्रवास केला, त्या ग्लेशियर बेच्या दिवशी ते थोडा वेळ डेकवर थांबले, थंडी सोसेना म्हणून खोलीत गेले, आणि तिथे खिडकीत नारिंगी बोट होती. वरच्या लाउंजमध्ये खुर्ची मिळाली ती दुपारी, तोवर मार्जरी मागे पडली होती. सासूबाईंना प्रत्येक जेवणासाठी जहाजाची लांबी चालावी लागली. जहाज जुने होते याचा आम्हाला कणभरही त्रास झाला नाही, उलट ते अतिशय निगराणीने ठेवलेले होते. त्रास झाला तो ग्राहकाने लेखी मागितलेली साधी गोष्ट न वाचणाऱ्या कचेरीचा, आणि त्याबद्दल मला आजही राग आहे.

म्हणून तुम्ही अंतिम रक्कम भरण्याची तारीख उलटण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगेन: खोलीचा प्रत्यक्ष क्रमांक, श्रेणीच्या अक्षराचा अर्थ, आणि बदल करायचा झाल्यास कचेरी किती शुल्क घेईल. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर मुदतीच्या आत नोंदणी सोडून थेट जहाज कंपनीकडे करावी. मात्र आगाऊ रक्कम परत मिळणारी आहे का हे आधी पाहा, कारण काही सवलतीच्या भाड्यांत ती मिळत नाही. डेकचा नकाशा पाहताना स्वतःच्या मजल्याबरोबर वरचा आणि खालचा मजलाही पाहावा. वर स्वयंपाकघर किंवा खुर्च्या ओढल्या जाणारा डेक नसावा, खाली नाट्यगृह नसावे. वर-खाली दोन्हीकडे प्रवाशांच्याच खोल्या असल्या म्हणजे शांतता मिळते. भाड्यात वाचलेले पैसे मध्यभागातल्या मोकळ्या खिडकीसाठी वापरा. शक्य असेल तर बाल्कनीही घ्या, पण नव्या जहाजाच्या हौसेपायी खोलीशी तडजोड करू नका.

वयस्कर मंडळींसाठी आणखी एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. जुन्या जहाजांवर अनेक खोल्यांत न्हाणीघराला उंच उंबरा असतो आणि काहींत टबमध्ये चढूनच आंघोळ करावी लागते. आईंना तोल सांभाळणे कठीण जात असेल तर "टब नको, शॉवर हवा, उंबरा किती उंच आहे" हे विचारून घ्यावे. उंबरा नसलेल्या अपंगस्नेही खोल्या मोजक्याच असतात आणि त्या लवकर जातात.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण त्याच कचेरीने आम्हाला तेही चुकीचे सांगितले होते. सिॲटलहून सुटून सिॲटललाच परतणारे परदेशी ध्वजाचे जहाज अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदराला थांबते, बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, आणि तेही पुष्कळदा संध्याकाळी काही तासांसाठी. भारतीय पासपोर्ट असलेल्या आई-वडिलांना अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा व्हिसा लागतो. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला तो लागत नाही, आणि याच कारणाने घरातल्या मोठ्यांचा विसरला जातो. व्हँकुव्हरहून निघायचे असेल तर दोन्ही देशांचे व्हिसा अनेक प्रवेशांचे असावेत.

जेवणाची चिंता फारशी करू नये. पहिल्याच रात्री मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला सांगितले तर दुसऱ्या दिवसापासून वरण-भाजीसारखे भारतीय शाकाहारी जेवण बहुधा करून देतात. हॉलंड अमेरिकाच्या जहाजांवर ग्लेशियर बेच्या दिवशी डेकवर वाटाण्याचे गरम सूप देतात, त्यात अनेकदा मांस असते, तेव्हा शाकाहारी असाल तर घेण्यापूर्वी विचारा. जहाजांवर गोव्याचे आणि मुंबईचे कर्मचारी हमखास भेटतात. आमच्या मजल्यावरचा मडगावचा मुलगा सासूबाईंशी कोकणी मिसळलेल्या मराठीत बोलायचा आणि रोज सकाळी न सांगता गरम पाण्याचा थर्मास ठेवायचा. लाइफबोटीची अडचण त्याला सांगितल्यावर त्यानेच सासऱ्यांसाठी लाउंजमधली ती खुर्ची धरून ठेवली होती.

तुमच्या पावतीवरचे श्रेणीचे अक्षर आणि जहाजाचे नाव इथे कळवलेत, तर मी डेकचा नकाशा पाहून कोणत्या खोल्या मागाव्यात ते सांगू शकेन. नोंदणी क्रमांक मात्र इथे लिहू नका.